शुक्रवारचा सिनेमा

२९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली. त्यात टिकटॉक होतं. मोठ्या वाहिन्या या निर्णयाचा अर्थ लडाखच्या सीमेवर शोधत होत्या, तेव्हा बातमीचा एक धागा धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या जामदे गावापर्यंत आला. जामद्याचे दिनेश पवार पत्नींसोबत हिंदी गाण्यांवर नाचतानाचे छोटे छोटे व्हिडिओ करत. त्यांचे चाहते लाखांत होते. एका संध्याकाळी ते सगळं बंद पडलं. बंदी ऐकून घरात रडारड झाल्याची बातमी आली आणि त्या रडण्यावरही लोकांनी विनोद केले.

विनोद करणाऱ्यांच्या हे लक्षात आलं नाही, की छंद सुटला तर माणूस फार तर हळहळतो. इथे काम सुटलं होतं. पंधरा सेकंदांचा व्हिडिओ पाहणाऱ्यालाच पंधरा सेकंदांचा वाटतो. करणाऱ्याला गाणं निवडावं लागतं, पावलं बसवावी लागतात, उन्हाचा अंदाज घ्यावा लागतो, मधे कोंबडी आली किंवा कुणी हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून. असं रोज, शेतातली आणि घरातली कामं सांभाळून. पुढे ही मंडळी यूट्यूबकडे वळली, प्रेक्षकही मिळाले. पण त्या आठवड्यात महाराष्ट्राला एक गोष्ट नव्याने कळली, ती म्हणजे सिनेमाच्या नकाशावर जिथे काहीच नाही असं वाटतं, तिथेही कॅमेऱ्यापुढे घाम गाळणारी माणसं आहेत.

खानदेशाला ते नवं नव्हतं. साक्रीहून पिंपळनेर, ताहाराबाद, सटाणा करत रस्ता मालेगावला उतरतो. आज मालेगाव नाशिक जिल्ह्यात आहे, पण हा जिल्हा झाला १८६९ मध्ये. त्याआधी मालेगाव आणि बागलाण खानदेशातच मोडत. आजूबाजूच्या खेड्यांत अजून अहिराणी चालते आणि शहरातल्या मोहल्ल्यांत बोलली जाणारी हिंदी-उर्दू लखनऊची नाही, खानदेशाच्या मातीची आहे. हौशी सिनेमाचा आपल्याकडचा सर्वात मोठा प्रयोग याच गावात झाला. त्याला लोकांनी ‘मॉलीवूड’ असं गमतीचं नाव दिलं, आणि गंमत म्हणूनच तो बराच काळ पाहिला गेला.

मालेगावात लाखाहून जास्त यंत्रमाग आहेत. मोसम नदीच्या काठाने चालत गेलं तरी मागांची खटखट पाठ सोडत नाही. कामगारांची पाळी बारा-बारा तासांची, आणि आठवड्यात सुट्टी एकच, शुक्रवारची. मग शुक्रवारी काय करायचं, तर सिनेमा पाहायचा. थिएटरांत गर्दी, आणि तिथे तिकीट परवडलं नाही तर व्हिडिओ पार्लर. अशाच एका पार्लरचा चालक शेख नासिर. दुकानात इतर सिनेमांबरोबर चार्ली चॅप्लिनचेही मूकपट असत. दिवसभर तेच ते सिनेमे पडद्यावर चाललेले. प्रेक्षक एकदा पाहून जातो, पार्लरवाला तोच सिनेमा पन्नास वेळा पाहतो. पन्नासाव्या वेळी गोष्ट दिसेनाशी होते आणि गोष्ट रचणारा दिसायला लागतो. कॅमेरा इथून तिथे कधी गेला, हसू नेमकं कोणत्या क्षणी आलं, मारामारीत ठोसा लागला नसताना लागल्यासारखा का वाटला. नासिर यांचं शिक्षण हे असं झालं.

२००० च्या सुमारास त्यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला. मूळ ‘शोले’ तयार व्हायला अडीच-तीन वर्षं आणि त्या काळचे कोटींचे आकडे लागले होते. मालेगावच्या ‘शोले’चा खर्च सुमारे पन्नास हजार रुपये. डाकूंना घोडे कुठून आणणार? सायकली होत्या. आगगाडीवरचा हल्ला कसा दाखवणार? बस होती. हे सगळं प्रेक्षकांना हसवायला केलं होतं, आणि प्रेक्षक हसलेही. पण ते आपल्याच गल्लीला, आपल्याच सायकलीला, पडद्यावर गुरकावणाऱ्या आपल्याच शेजाऱ्याला हसत होते. स्थानिक व्हिडिओ पार्लरांत तो सिनेमा गाजला, पैसे भरून आले, आणि पाठोपाठ ‘मालेगाव की शान’ आणि त्याच वळणाचे आणखी सिनेमे निघाले. लिहायला फरोग जाफरी, अक्रम खान, हमीद सुभानी अशी मंडळी होती. मोबदला नावालाच, कुणाला तोही नाही.

इथे थोडं तंत्राकडे वळायला हवं, कारण कौतुकाच्या भरात तेच राहून जातं. आज मोबाइलवर बोटाने चित्र पुढेमागे सरकवलं की संकलन होतं. त्या वेळी सुरुवातीचं संकलन दोन व्हीसीआर जोडून चाले. एकात मूळ टेप, दुसऱ्यात कोरी. पहिल्यातला हवा तो तुकडा शोधायचा, दुसऱ्यावर उतरवायचा, थांबवायचं, मग पुढचा तुकडा. ही सगळी सरळ रेघेतली कामगिरी. चाळिसाव्या मिनिटाला काम पोचल्यावर विसाव्या मिनिटातला एखादा प्रसंग लांबलाय असं वाटलं, तर मधून काढता येत नाही. विसाव्या मिनिटापासून पुढचं सगळं पुन्हा उतरवावं लागतं. शिवाय टेपवरून टेपवर गेलं की चित्र दर वेळी थोडं मळतं, रंग पसरतात. म्हणजे चूक सुधारायची तर चित्राचा दर्जा खर्ची घालायचा. या पद्धतीने ज्याने एक पूर्ण लांबीचा सिनेमा जोडला, त्याच्या चिकाटीला तोड नाही. चित्र किती वेळ ठेवायचं आणि कुठे तोडायचं हे आधी डोक्यात पक्कं असल्याशिवाय या कामाला हातच घालता येत नाही.

कॅमेऱ्याच्या हालचालींचंही तेच. कॅमेरा माणसाबरोबर सरकत जाताना दाखवायचा तर मोठ्या सिनेमात रूळ टाकतात आणि त्यावर गाडी ढकलतात. मालेगावात कॅमेरामन सायकलवर बसला आणि दुसऱ्याने सायकल ढकलली. कॅमेरा जमिनीवरून उंच उचलायचा तर क्रेन लागते. इथे बैलगाडी आली; तिच्या एका टोकाला कॅमेरामन बसवून दुसरं टोक खाली दाबलं, की शेतकऱ्याच्या पोराला जन्मजात ठाऊक असलेला तरफेचा नियम कामाला येतो. बाहेरच्यांनी या दृश्याचे फोटो काढले आणि एकच शब्द वापरला, जुगाड.

हा शब्द जरा जपून वापरायला हवा. जुगाडात हुशारी दिसते, पण मेहनत झाकली जाते. बैलगाडीची युक्ती एका मिनिटात सुचत असेल. पण कॅमेरा न हलता वर जायला हवा, तर गाडी किती हळू दाबायची, कुणी दाबायची, बैल सोडल्यावर जू कशाला टेकवायचं, हे दहा वेळा करूनच कळतं. आणि त्या दहा वेळांत नटाला दहा वेळा त्याच भावनेने तिथेच उभं राहायचं असतं, शुक्रवारच्या मोजक्या उजेडात. शनिवारी पुन्हा पाळी.

मालेगावच्या सिनेमाला जगापुढे नेलं ते एका माहितीपटाने. फैझा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ २००८ मध्ये पूर्ण केला. नासिर आणि त्यांचे मित्र ‘ये है मालेगाव का सुपरमॅन’ काढत असताना त्यांच्या मागे मागे फिरून तयार केलेला हा तासाभराचा माहितीपट. नासिर यांच्या सिनेमात सुपरमॅन झाला शफीक शेख, एक यंत्रमाग कामगार. अंगाने काटकुळा, पोशाखाची नाडी बाहेर लोंबतेय, आणि खलनायकाला काय आवडतं तर घाण. मालेगावच्या गटारी आणि धूर पाहिलेल्या कुणालाही हा खलनायक कुठून आला हे वेगळं सांगावं लागत नाही.

सुपरमॅन उडायला तर हवा. मित्रमंडळींनी हिरवा कपडा ताणला, त्यापुढे शफीकला आडवं धरलं आणि हात पुढे करायला सांगितलं. या युक्तीला क्रोमा म्हणतात. संगणकाला सांगायचं की चित्रात जिथे हा हिरवा रंग आहे तिथलं सगळं पुसून टाक. मग त्या रिकाम्या जागी मालेगावची छपरं आणि आभाळ बसवायचं. रंग हिरवाच का, तर माणसाच्या कातडीत तो जवळजवळ नसतो, त्यामुळे कापताना चेहरा कापला जात नाही. आणि डिजिटल कॅमेऱ्याचे डोळे हिरव्या रंगाला जास्त टिपतात, त्यामुळे कडा स्वच्छ निघतात. ऐकायला सोपं आहे. पण कपड्याला एक सुरकुती पडली, एका कोपऱ्यावर सावली आली, तर संगणकाच्या लेखी तो हिरवा वेगळा होतो आणि उडणाऱ्या सुपरमॅनच्या भोवती डाग नाचायला लागतात. मोठ्या स्टुडिओत त्यासाठी दिव्यांच्या रांगा असतात. इथे सूर्य होता आणि कपडा धरणारे हात होते.

माहितीपटात हे सगळं घडताना दिसतं. मधेच कॅमेरा पाण्यात पडतो आणि सगळं ठप्प होतं. मधेच सुपरमॅनचं लग्न निघतं. मोठ्या सिनेमात नायकाच्या तारखा व्यवस्थापक सांभाळतो. इथे नायकाच्या तारखा सासरचे ठरवतात. हसू येतं खरं, पण सिनेमा पाहून उठताना एक वेगळीच चुटपुट लागते. लिहिणाऱ्यांच्या बोलण्यात मुंबई पुन्हा पुन्हा येते, अगदी जवळ असलेली आणि तरीही कधीच न आलेली.

शफीक शेख २०११ मध्ये तोंडाच्या कर्करोगाने गेला. माहितीपट भारतातल्या थिएटरांत लागला त्यानंतर, जून २०१२ मध्ये. पुढे रीमा कागती यांनी या मंडळींवर ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा हिंदी चित्रपट केला, वरुण ग्रोवर यांनी तो लिहिला, आणि टोरांटोच्या महोत्सवात दाखवून २८ फेब्रुवारी २०२५ रोजी तो प्रदर्शित झाला. आदर्श गौरव नासिर झाला, शशांक अरोरा शफीक. मुंबईने मालेगावची नक्कल केली, असं म्हणायला हरकत नाही. इतकी वर्षं उलटं चाललं होतं.

मालेगावच्या या गोष्टीत एक कोपरा कायम रिकामा राहिला, बायकांचा. गावातली कुणी मुलगी पडद्यावर यायला तयार नव्हती, घरचे तयार होणं तर दूरच. नायिका बाहेरगावाहून आणावी लागे, तिच्या येण्याजाण्याचा आणि मानधनाचा खर्च साऱ्या सिनेमाच्या हिशोबाला जड जाई.

शंभरहून जास्त वर्षांपूर्वी हीच अडचण त्र्यंबकेश्वरच्या एका माणसापुढे होती. धुंडिराज गोविंद फाळके यांना आपण चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून हार घालतो आणि ते सुरुवातीला काय होते हे विसरतो. ते शुद्ध हौशी होते. चाळिशी उलटलेली, छपाईचा धंदा सुटलेला, आणि १९११ मध्ये गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहून डोक्यात शिरलेलं खूळ. १९१२ मध्ये विम्याच्या पॉलिसीवर पैसे उभे करून लंडन गाठलं, विल्यमसन कॅमेरा आणला. आधी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि रोपाची थोडी थोडी चित्रं रोज टिपत राहिले. ती सलग दाखवली तेव्हा वाटाणा पडद्यावर काही क्षणांत उगवला आणि वाढला. भांडवल देणाऱ्याला पटवायला हा एवढासा ‘अंकुराची वाढ’ पुरेसा ठरला. कुठलंही नाट्य नाही, नट नाही. एक कुंडी, आणि एकही दिवस न चुकवण्याचं व्रत. हौशी सिनेमाचा याहून चांगला पहिला धडा आजही सापडणार नाही.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडं नेसवलं. त्याच साळुंके यांनी १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. मात्र दरम्यान, १९१३ मध्येच, दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये उभ्या राहिल्या होत्या. म्हणजे दार उघडायला वर्षसुद्धा लागलं नाही. फक्त पहिली बाई उंबऱ्याबाहेर यावी लागली.

पडद्यामागे बाई पहिल्यापासूनच होती. सरस्वतीबाई फाळके कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडत, फिल्म धुवायला मदत करत, आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याकडेच. आज ज्याला प्रॉडक्शन म्हणतात ते सगळं त्या एकट्या रेटत होत्या. हौशी सिनेमाच्या खर्चाचा ताळेबंद मांडला तर यातला एकही आकडा कुठे लिहिलेला सापडत नाही. मालेगावच्या पन्नास हजारांतही किती जणींच्या भाकऱ्या आणि किती जणांच्या बुडालेल्या शुक्रवारच्या झोपा धरलेल्या नसतील, त्याचा हिशोब कुणी मागितला नाही.

पैशाचं सोंग मात्र आणता येत नाही. फाळक्यांनी विमा गहाण टाकला, तसं दिग्दर्शक भाऊराव कऱ्हाडे यांनी जमीन विकली. पुणे-अहमदनगर (आता अहिल्यानगर) पट्ट्यातल्या शेतकऱ्याचा हा मुलगा. ‘ख्वाडा’ ही भटक्या मेंढपाळ कुटुंबाची गोष्ट त्याला सांगायची होती आणि त्या गोष्टीत पैसे घालायला कुणी तयार नव्हतं. ‘ख्वाडा’ला ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शनासाठी विशेष उल्लेख मिळाला आणि २०१५ मध्ये तो थिएटरांत आला. त्याआधी नागराज मंजुळे यांनी अहमदनगरला संज्ञापन शिकत असताना ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला होता, त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढचं ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ सर्वांना ठाऊक आहे. या यशोगाथा सांगताना एक सावधगिरी बाळगायला हवी. जमीन विकून सिनेमा केलेले आणि पुढे काहीच न झालेले लोकही असतात. त्यांच्या मुलाखती कुणी घेत नाही. शेत विकणं ही प्रेरणेची गोष्ट म्हणून पोरांना सांगणं बरं नव्हे.

‘ख्वाडा’च्या पुरस्कारांत आणखी एक होता आणि त्याची चर्चा कमी झाली. प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या जागी केलेल्या ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार महावीर सब्बनवाल यांना मिळाला. माळरानावरचा वारा, मेंढ्यांची बेंबें, दूरची हाक, या सगळ्यातून माणसाचा शब्द स्वच्छ उचलणं हे फार अवघड काम. हौशी सिनेमा बहुतेक वेळा पडतो तो इथेच. चित्र हललं, धूसर झालं, तर प्रेक्षक सांभाळून घेतो. पण शब्द कळेना की दोन मिनिटांत उठतो. मालेगावात तर लूमच्या खटखटीत ध्वनिमुद्रण म्हणजे सासूच्या ओरड्यात अंगाई. फाळक्यांना ही कटकट तरी नव्हती, त्यांचा सिनेमा मुका होता.

आता पुन्हा खानदेशाकडे.

मालेगावच्या पार्लरांची जागा सीडीने घेतली, सीडीची यूट्यूबने. आठवडे बाजारात मिळणाऱ्या अहिराणी गाण्यांच्या आणि विनोदी नाटुकल्यांच्या तबकड्या गेल्या, पण माल तोच राहिला आणि गिऱ्हाईक कैक पटींनी वाढलं. ‘झुमकावाली पोर’ हे अहिराणी गाणं खानदेशाची वेस ओलांडून पार लग्नांच्या वरातीपर्यंत कुठे कुठे पोचलं. ‘खानदेशी कॉमेडी’ या नावाने मालेगाव-जळगाव भागात तयार होणारे छोटूदादा या विनोदी नटाचे व्हिडिओ कोट्यवधी वेळा पाहिले जातात. ते सगळेच चांगले आहेत असं नाही. बुटक्या माणसाला मारझोड करून हसवणं, बायकोची टवाळी, आरडाओरड, यांचा भरणा फार. पण प्रेक्षक कुठे आहे याची या मंडळींना नेमकी जाण आहे, आणि ती मालेगावच्या पार्लरांतूनच आलेली आहे. तोंडासमोर बसलेला प्रेक्षक हसला नाही तर पुढच्या शुक्रवारी खुर्ची रिकामी, एवढा सरळ तो धडा होता.

साक्री तालुक्यात सिनेमा करायचा म्हटलं तर देखाव्यांची कमतरता नाही. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग आहे. शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौरप्रकल्प आहे; नजर जाईल तिथवर काळ्या आरशांचं शेत. विज्ञानपट काढायचा तर उसनं काहीच आणायला नको. बळसाण्याला जुन्या देवळांचं कोरीव दगडकाम आहे. पिंपळनेरच्या वर पांझरा उगम पावते आणि लाटीपाड्याला अडवली जाते. पश्चिमेला कोंडाईबारीचा घाट उतरला की गुजरातची हद्द लागायला वेळ नाही. दर दहा मैलांवर पडदा बदलतो.

नटांचीही कमतरता नाही. खानदेशात वहीगायन आहे, तमाशा आहे, आदिवासी पट्ट्यात सोंगाड्या पार्ट्या रात्र रात्र जागवतात. डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात कोकणा समाजातली माणसं दिवसेंदिवस व्रतस्थ राहून नाचतात. अंगावर सोंग चढवून चारचौघांत उभं राहायची इथे लाज नाही. शहरातल्या अभिनय शिबिरात पहिले चार दिवस जी भीड घालवण्यात जातात, ती या पोरांना नसतेच. त्यांची अडचण वेगळी असते. हजार लोकांसमोर आवाज लावायची सवय झालेला गडी हातभर अंतरावरच्या कॅमेऱ्यापुढेही तसाच ओरडतो. त्याला हळू बोलायला शिकवणं हेच दिग्दर्शकाचं निम्मं काम.

राहिली यंत्रं. ज्या कॅमेऱ्यासाठी एकेकाळी लग्नाच्या शूटिंगवाल्यापुढे हात जोडावे लागत, तो आज खिशात आहे, आणि दोन व्हीसीआरचं कामही त्यातच होतं. पण ज्या गोष्टीला पैसा कमी आणि मेहनत जास्त लागते, तिथेच काम अडतं, म्हणजे आवाजाशी. मोबाइलचा माइक चारही बाजूंचं ऐकतो. बोलणारा दहा फुटांवर असेल तर शेजारची चक्की, वारा आणि तुमचा स्वतःचा श्वास त्याच्याआधी पोचतो. उपाय जुने आणि साधे आहेत. दुसरा मोबाइल बोलणाऱ्याच्या सदऱ्यात, छातीपाशी ठेवायचा आणि त्यावर फक्त आवाज घ्यायचा. प्रसंग सुरू होण्यापूर्वी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची. हात भिडलेले चित्रात दिसतात, टाळीचा ठो आवाजात ऐकू येतो, आणि नंतर हे दोन क्षण एकमेकांवर बसवले की चित्र आणि आवाज तंतोतंत जुळतात. सिनेमावाले काळी-पांढरी पाटी आपटतात ती यासाठीच, थाट म्हणून नाही. बाहेर नीट आवाज मिळालाच नाही तर घरात चार गोधड्या दोरीवर टांगून त्यांच्या मधे बसायचं आणि सगळे संवाद ओठ बघत पुन्हा म्हणायचे. गोधडी आवाजाचा घुमारा पिऊन टाकते. एक प्रसंग, दोन मिनिटांचा, असा नीट करायला एक रात्र जाते. बहुतेकांचा सिनेमा संपतो तो याच रात्री, कारण चित्रीकरणाला यायला पंधरा मित्र असतात आणि गोधडीत बसायला एकही नसतो.

नासिर यांच्या मंडळींचं वेगळेपण इथे कळतं. ती गोधडीत बसणारी माणसं होती. आवड सगळ्यांनाच असते, चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी तर ओसंडून वाहते. पण पाण्यात पडलेला कॅमेरा दुरुस्त होऊन येईपर्यंत, सुपरमॅन लग्नाहून परतेपर्यंत, पुढच्या शुक्रवारची वाट पाहत जे थांबले त्यांच्याच नावावर सिनेमा आहे.

पिंपळनेरला, निजामपूरला, दहिवेलला, एखाद्या वस्तीवर, चार पोरं मोबाइल काठीला बांधून उभी दिसतील. तुमच्याकडे बैलगाडी मागायला येतील, ओटा मागतील, आजीला दोन वाक्यं बोलायला लावतील. द्यायचं ते द्या. आणि एक काम मात्र आठवणीने करा: आजी बोलायला लागली की विहिरीवरची मोटार दहा मिनिटं बंद ठेवा.